सध्या शाळेत पाल्य नाही

"ती यादी आहे तशीच पुढे पाठवा. फार खोदत बसू नका," असं शाळेच्या कारकूनबाई मला म्हणाल्या होत्या. मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, एकतीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या बाईला कामाचा कंटाळा आला असणार, दुसरं काय!

यादी होती शनिवारच्या उपक्रमांना मदत करणाऱ्या पालकांची. आमच्या शाळेत शनिवारी तास नसायचे. नाटक, बुद्धिबळ, बागकाम, भित्तिपत्रक असे चौदा वर्ग चालायचे आणि ते बहुतेक पालकच चालवायचे. कोणाची आई, कोणाचा काका, कोणाची आत्या. दर वर्षी पालक समितीला नवी यादी लागायची: नाव, फोन, मुलाशी नातं, मुलाची इयत्ता. हे काम कोणालाच नको होतं, म्हणून माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मी स्वतःच हात वर केला.

त्या गावात येऊन आम्हाला अकरा महिने झाले होते. नवरा पुलांची तपासणी करायचा. महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. घरी मी आणि सात वर्षांची लेक. तिला मी खारू म्हणते, कारण सापडेल ते खिशात साठवायची तिला सवय आहे. शाळेच्या फाटकाशी बाकीच्या आया घोळका करून उभ्या असायच्या आणि मी विजेच्या खांबापाशी. खारू जिना चढून दिसेनाशी होईपर्यंत मी हलायची नाही. तिच्या पाण्याच्या बाटलीवर नाव चार ठिकाणी, दप्तरात माझा नंबर तीन ठिकाणी. एकदा घोळक्यातली एक जण मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आली बघा आपली सीसीटीव्ही." मग माझ्याकडे वळून, "मस्करी हं, राग नका मानू." मीही हसले. हसण्यावारी नेलं नसतं तर तेवढंही बोलणं बंद झालं असतं.

खारूची गत माझ्यापेक्षा वेगळी नव्हती. वर्गात ती तोंड उघडत नाही, असं बाईंनी दोनदा कळवलं होतं. डब्याच्या सुट्टीत एकटीच बसायची. मग ती दुरुस्तीच्या वर्गात जायला लागली.

हा वर्ग जिन्याखालच्या खोलीत भरायचा, खेळाच्या सामानाशेजारी. घ्यायचे ते घड्याळवाले आजोबा. आयुष्यभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती, आणि दुकान विकल्यावर हत्यारांची पेटी घेऊन ते शाळेत यायला लागले होते. आठ मुलं. बंद पडलेले गजर, मुके रेडिओ, चावीची खेळणी. एका जुन्या टॉवेलवर सुटे भाग डावीकडून उजवीकडे ओळीनं मांडायचे, म्हणजे जोडताना उजवीकडून डावीकडे यायचं. खारू घरी येऊन जेवणाची ताटंसुद्धा तशीच मांडायला लागली.

"आजोबा म्हणतात, घाई करणाऱ्याचा एक स्क्रू नेहमी उरतो."

"तुझा उरला का?"

"माझा नाही. त्या मोठ्या मुलाचे तीन उरले. आजोबा म्हणाले, आता या तिघांचं लग्न लावून दे."

आणि ती हसली. त्या गावात आल्यापासून माझी लेक शाळेतली एखादी गोष्ट सांगताना पहिल्यांदा हसली.

त्या वर्षी त्या आठ जणांनी सभागृहातलं मोठं लंबकाचं घड्याळ चालू केलं. ते कधीपासून बंद होतं हे कोणालाही आठवत नव्हतं. आंतरशालेय प्रदर्शनात त्यांनी त्याची लाकडी प्रतिकृती नेली आणि दुसरा क्रमांक आणला. परीक्षकांनी विचारलं, लंबक थांबत का नाही? सात जण एकमेकांकडे बघत राहिले आणि खारूनं उत्तर दिलं. मी मागच्या रांगेत उभी होते. तिचा आवाज मला ओळखता आला नाही, इतका तो स्वच्छ होता. आजोबा पुढे गेले नाहीत, फोटोतही उभे राहिले नाहीत. खुर्चीवर बसून टॉवेलाची घडी घालत होते.

प्रदर्शनानंतरच्याच आठवड्यात मी यादी करायला बसले. कारकूनबाईंनी दिलेल्या कच्च्या यादीत आजोबांच्या नावापुढे नातं "आजोबा", इयत्ता "पाचवी". मी पाचवीच्या तिन्ही तुकड्यांची हजेरी पाहिली. त्यांच्या आडनावाचं मूल कुठेच नव्हतं.

कारकूनबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, ती पोरगी गेली दोन वर्षांपूर्वी. मुलाला परदेशात नोकरी लागली, सगळे गेले. हे राहिले मागे. दर वर्षी मीच भरते तो रकाना. नात मोठी होतेय ना कागदावर, होऊ दे."

"पण नियम आहे ना? पाल्य शाळेत असेल तरच."

"आहे की. म्हणून तर म्हणते, आहे तशी पाठवा."

घरी आले आणि यादी पुन्हा उघडून बसले. जिन्याखालची खोली, आठ मुलं आणि ज्याचं शाळेत कोणी नाही असा माणूस. आजोबांवर माझा संशय होता का? नव्हता. तरीही फोनवर वाचलेल्या दहा भलत्यासलत्या बातम्या डोक्यात फेर धरून नाचायला लागल्या. उद्या काही झालं आणि कोणी विचारलं, यादी कोणी केली? मी खोटं लिहिलं नाही, की कोणाकडे बोंबही मारली नाही. इयत्तेचा रकाना कोरा ठेवला आणि शेवटी शेऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं: सध्या शाळेत पाल्य नाही.

पालक समितीच्या अध्यक्ष दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी सभेत ती ओळ वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. "आजवर कोणाच्या लक्षात नाही आलं, आणि तुम्ही नव्या असून पकडलंत! अशीच माणसं हवीत समितीत." टाळ्या वगैरे नाहीत, पण माना डोलल्या. सभा संपल्यावर एकीनं माझ्यासाठी चहाचा कप आणला. सीसीटीव्ही म्हणणारी शेजारी सरकून म्हणाली, "बसा ना इथे." मी बसले. घरी जाताना मी गाणं गुणगुणत होते, हे लिहायची लाज वाटते, पण गुणगुणत होते.

पुढच्या शनिवारी आजोबा नेहमीसारखे पेटी घेऊन फाटकाशी आले. पहारेकऱ्यानं नवी यादी दाखवली. मी खांबापाशी नव्हते, आता घोळक्यात होते; तिथून सगळं ऐकू येत होतं.

"आजोबा, तुमचं नाव नाही यात."

"बघ नीट. चष्मा आणलायस का?"

"दोनदा बघितलं. वरून आलंय. मी काय करू?"

"तू काय करणार! तुझी नोकरी आहे बाबा." आजोबांनी खिशातून चावी काढली. "ही सभागृहातल्या घड्याळाची. आठवड्यातून एकदा द्यायची. अकरा वेढे. बारावा द्यायचा मोह होतो, पण नको."

ते वळले. पेटी जड असावी, कारण रस्ता ओलांडण्याआधी त्यांनी ती दोनदा खाली ठेवली. मी जाऊन हात लावू शकले असते. माझ्या बाजूला बागकामाच्या वर्गाला कुंड्या किती लागतील यावर चर्चा चालली होती आणि मी त्यात एक आकडा सुचवला.

जिन्याखालच्या खोलीला कुलूप लागलं. मुलांना बुद्धिबळात घातलं. खारू त्या दिवशी पटापुढे दोन तास बसली आणि एकही प्यादं हलवलं नाही, असं बुद्धिबळवाल्या काकांनी मला कौतुकानं सांगितलं. "फार विचार करते हो तुमची मुलगी."

"आजोबा का नाही आले?" तिनं घरी विचारलं.

"बरं नसेल त्यांना."

"मग आपण बघायला जाऊ."

"जाऊ."

"कधी?"

मी तीन आठवडे टोलवलं. ती पुन्हा गप्प झाली, आणि या वेळी घरीसुद्धा. शेवटी मी मुख्याध्यापिकांकडे गेले. त्या म्हणाल्या, "तुम्हीच लिहिलंत ना? आता मी खोडलं तर समिती माझ्या मानगुटीवर बसेल." मग जरा विचार करून, "एखाद्या पालकानं त्यांना आपल्या मुलाचे नातेवाईक म्हणून लिहून दिलं, तर चालेल. अर्ज आहे तसा." मी तिथल्या तिथे अर्ज भरला. खारूचे आजोबा. फक्त त्यांची सही बाकी होती. वाटलं, झालं, निस्तरलं.

पत्ता कारकूनबाईंनी दिला. मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून माझ्यापुढे सरकवला आणि पुन्हा पावत्या लावायला लागल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शाळेच्या मागची गल्ली, धुलाईचं दुकान, वर दुसरा मजला. खारूला बरोबर घेतलं होतं. बेल वाजवल्यावर दार उघडायला इतका वेळ लागला की आम्ही परत फिरणार होतो. आत एक खोली, एक टेबल, खिडकीशी दिवा. टेबलावर ती हत्यारांची पेटी, बंद. पहिलं आश्चर्य मला वाटलं ते हे की घरात एकही घड्याळ चालत नव्हतं.

"कोण? अरे, आमच्या हेडमास्तरीणबाई!" ते खारूला म्हणाले. ती सरळ आत जाऊन टेबलापाशी बसली, जणू रोजचं येणंजाणं.

मी अर्ज पुढे केला. तो वाचायला त्यांनी दिवा लावला.

"यादीही तुम्हीच केली होती ना?"

मी मान डोलावली.

"हिच्या बाटलीवरचं अक्षर ओळखलं. शाळेत विचारायला गेलो तेव्हा दाखवली मला. छान वळणदार आहे."

"माझं चुकलं, आजोबा. मी घाबरले होते. तुमच्याबद्दल मनात काही नव्हतं, पण..."

"चुकलं कुठे? नाहीच आहे माझं कोणी शाळेत. खरं तेच लिहिलंत." त्यांनी अर्जाची नीट चार पदरी घडी घातली. "मला ठाऊकच नव्हतं हो, की त्या कारकूनबाई दर वर्षी नातीची इयत्ता वाढवून लिहितात. मी समजत होतो, मला बोलावतात."

"मुलांना तुम्ही हवे आहात. हिला विचारा."

"मुलांचं माहीत आहे मला." त्यांनी अर्ज परत माझ्या हातात दिला. "पण आता हिचा आजोबा म्हणून लिहायचं, पुढच्या वर्षी कोणाचा? राहू द्या."

मी अर्ज पर्समध्ये ठेवला. खारूनं दरम्यान पेटी उघडली होती. टॉवेल पसरला, बंद गजराचं एक घड्याळ काढलं आणि स्क्रू ओळीनं मांडायला लागली. आजोबांनी तिच्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढली.

"डावीकडून."

"माहितीये," ती म्हणाली.

त्यानंतर आम्ही पाच शनिवार गेलो. शाळेला कळवलं नाही, समितीचा चहा आपोआप बंद झाला. मी खिडकीशी बसून वाचायची आणि ती दोघं कुजबुजत असायची. मी काही दुरुस्त केलं असं नाही. त्यांच्या आठवड्यात सात मुलं कमीच होती, आणि पायऱ्या चढताना मला ते दर वेळी जाणवायचं. पण दार पूर्वीपेक्षा लवकर उघडायला लागलं होतं.

सहाव्या शनिवारी सांगावं लागलं. नवऱ्याची बदली झाली होती, दुसऱ्या टोकाच्या शहरात, महिन्याच्या आत. मी बरेच शब्द जुळवून गेले होते. खारूनं जिन्यावरूनच सांगून टाकलं, "आजोबा, आम्ही चाललो. कायमचं."

"हं," ते म्हणाले. हातातला चिमटा पुसला. "मग आज हे पुरं करून टाकू. तो बारीक स्क्रू दे इकडे."

निघताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, काही दिलं नाही, जिन्यापर्यंत आले नाहीत. आम्ही खाली उतरेपर्यंत दार लावल्याचा आवाज आला नव्हता, एवढं मात्र खरं.

इथून दर शनिवारी सकाळी नऊला आम्ही फोन करतो. ते सातव्या-आठव्या घंटेला उचलतात. खारू शाळेचं सांगते, नव्या शाळेत असा वर्ग नाही याची तक्रार करते, ते "हं, हं" म्हणतात. मागच्या महिन्यात म्हणाले, हात कापतो आता, बारीक काम होत नाही. गेले दोन शनिवार फोन नुसताच वाजतोय. कारकूनबाई निवृत्त झाल्या, त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. शाळेत फोन केला तर तिकडून विचारलं, "आपण त्यांच्या कोण?" आणि मी फोन ठेवून दिला. दातांच्या डॉक्टरांनी निरोप वाचल्याची खूण दिसते, उत्तर नाही. नवरा म्हणतो, "अगं, गेले असतील मुलाकडे, तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस." असेलही. पण मुलगा दोन वर्षांत एकदाही आला नव्हता, हे मला खारूनं सांगितलंय.

खारू काल विचारत होती, त्यांना बरं नसेल का? या वेळी हे मी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच वाटलं.

तुमचं मूल त्या शाळेत असेल, किंवा मागच्या गल्लीत तुमचं जाणंयेणं असेल, तर धुलाईच्या दुकानाशेजारचा जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जा. शाळेकडून आलोय असं सांगू नका. एखादं बंद घड्याळ असेल तर घेऊन जा, नसेल तर तसेच जा. बेल वाजवून थांबा, वेळ लागतो, परत फिरू नका. दार उघडलंच नाही, तर खाली दुकानात विचारा की त्यांना शेवटचं कधी पाहिलं. आणि जे काही असेल ते मला कळवा. कसंही असलं तरी कळवा.