पांढऱ्या बटणांचा डबा

मी मास्तरांची कात्री बोलतेय. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. आयुष्यभर तोडण्याचंच काम केलेलं आहे. एक मात्र आधीच सांगून ठेवते. ही हकीकत ऐकताना कटिंग टेबलाच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या बटणांच्या डब्यावर नजर असू द्या. माझी नजर तिथे होतीच, पण माझ्या हातात काही नव्हतं. मला हातच नाहीत. मी कायम दुसऱ्याच्या हातात.

भट्टीत तापून आणि घणाचे घाव खाऊन माझी दोन पाती वेगवेगळी घडली. मग एका कारागिरानं ती एकमेकांवर घासून जुळवली आणि मधोमध स्क्रू आवळून आमचं कायमचं लग्न लावून दिलं. मला विकत घेतलं ते मास्तरांच्या वडिलांनी. ते कोट शिवायचे. त्यांच्या दुकानात एक नियम होता, की कापणाऱ्याच्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. यात मिजास नव्हती. कात्री वर्षानुवर्षं एकाच हातात चालली की पाती त्या हाताच्या दाबाप्रमाणे झिजतात. मग दुसऱ्यानं धरली की ती कापड कापत नाही, चावते.

वडील थकले तेव्हा तो नियम एकदाच मोडला. त्यांनी मला लेकीच्या हातात दिलं. मी कितीतरी दिवस तिला छळलं, कापडाच्या कडा कुरतडून ठेवल्या. ती माझ्यावर चिडायची, पण मला सोडलं नाही तिनं. हळूहळू मी तिच्या अंगठ्याची झाले. दुकानात सगळे तिला मास्तरच म्हणतात. बाई असली म्हणून काय झालं, जो कापतो तो मास्तर! काज-बटणाचं काम तिची धाकटी जाऊ करते. तोंडानं अखंड बडबड आणि हातानं अखंड टाके. दोघी जावा, पण सख्ख्या बहिणींना लाजवतील.

मग मास्तरांच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली. मला तेल लावून, फडक्यात गुंडाळून खणात ठेवलं गेलं. अंधारात पडल्या पडल्या मला दुकानातला एकेक आवाज ऐकू यायचा, फक्त तिचा येत नव्हता. ती परतली तेव्हा डोक्यावर कोवळे केस होते आणि हात पिसासारखा हलका झाला होता. जावेनं पेढ्यासारखं गोड तोंड करून विचारलं, "सुटलात ना ताई एकदाच्या?"

"सुटले. आता रोज एक गोळी, पाच वर्षं. बस्स."

"एकच? मग काय, हसत हसत घ्याल!"

बाईच्या शरीरातलं एक द्रव्य त्या आजाराला खतपाणी घालतं म्हणे. ती गोळी ते खतपाणीच बंद करते. छोटी, पांढरी, गोल. दुपारचं जेवण झालं की जाऊ पाण्याचा पेला पुढे करायची आणि मास्तर गोळी तोंडात टाकायची. इतकीशी ती गोळी, पण तिनं आमचं घरटं मुळापासून हलवलं.

आधी आला ताप. ताप नव्हेच तो, अंगातून उठणारी वाफ. पातळ कापड अंथरलं की पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर थर सरकतात. नेमकं तेव्हाच मास्तरांच्या मानेवरून घामाच्या धारा लागायच्या. पंखा लावला तर कापड उडणार, बंद ठेवला तर जीव जाणार. "दार उघडं कुणी ठेवलं?" आणि "दार लावलं कुणी?" हे दोन्ही प्रश्न ती एकाच तासात विचारायची. झोपही उडाली होती. भोळ्या गिऱ्हाइकांवर खेकसायची आणि मग मागच्या खोलीत जाऊन रडायची.

तेही चाललं असतं. पण पुढे बोटं आखडली. सकाळी माझ्या कडीत अंगठा जाईना. कोमट पाण्यात हात बुडवून, एकेक बोट दुसऱ्या हातानं उघडून ती मला उचलायची. मध्येच अंगठा अडकायचा आणि कट्‌ असा आवाज करून सुटायचा. तो आवाज माझ्या स्क्रूचा आहे असं ती जावेला सांगायची. माझ्या स्क्रूचा!

"डॉक्टरीणबाईंना सांगा ना," जाऊ म्हणायची.

"काय सांगू? त्यांनी जीव वाचवला. त्यांच्यापुढे बोटाचं रडगाणं कुठल्या तोंडानं गाऊ?"

घरीही तेच. नवरा बिचारा मायेनंच म्हणायचा, "जीव राहिला ना, मग सांध्यांचं काय घेऊन बसलीस?" त्यानंतर तिनं घरात चकार शब्द काढला नाही. तपासणीला गेली की डॉक्टरीणबाई विचारायच्या, कशी आहे तब्येत? आणि ही हसून म्हणायची, छान.

एका दुपारी काळ्या लोकरी कापडावर आम्ही कोटाची पाठ कापत होतो. खांद्याच्या वळणावर अंगठा अडकला. मी घसरले आणि खडूच्या रेषेच्या आत शिरले. कापड परदेशातून मागवलेलं, गिऱ्हाईक हट्टी. तसं कापड पुन्हा मिळणार नव्हतं. मास्तर तुटक्या कडेकडे बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत मला वडिलांची भीती दिसली, ते थकले होते तेव्हाची.

त्याच दिवशी जेवणानंतर जावेनं पेला दिला. मास्तरनं हात तोंडाकडे नेला, पाणी प्यायली, पेला परत दिला. गोळी मात्र तळव्यातच होती. कचऱ्यात टाकली तर जाऊ झाडताना बघणार. शिवाय औषध फेकवतही नव्हतं तिला. टेबलाच्या कोपऱ्यात जुन्या, जोड्या मोडलेल्या पांढऱ्या बटणांचा डबा असतो, कुणी फारसं उघडत नाही. तिनं झाकण उचललं आणि हात मोकळा केला.

बटण डब्यात पडतं तेव्हा टक्कन वाजतं. हे वाजलं नाही, नुसतं बसलं.

आणि तरी सांगते, पुढचे दिवस सुखाचे गेले. बोटं सैल होत गेली. अंगठा पूर्वीसारखा अलगद कडीत यायला लागला. आम्ही दोघींनी मिळून असे कोट कापले की वडिलांनी मान डोलावली असती. मी खूश होते, खोटं कशाला बोलू. घाम थांबला, खेकसणं थांबलं, ती गुणगुणायला लागली. जाऊ सगळ्यांना सांगत सुटली, "गोळी मानवली बघा ताईंना!" नवऱ्यानं सुटकेचा श्वास टाकला. सगळं घर हसत होतं आणि रोज दुपारी तो डबा थोडा थोडा भरत होता.

मास्तर त्याच्याकडे बघायची नाही. कधी धक्का लागला तर दचकायची. तपासणीची तारीख आली की म्हणायची, "हंगाम संपू दे, मग जाऊ." तो हंगाम संपला, दुसरा सुरू झाला. दुकानात कुणी नसलं की कापता कापता तिचा डावा हात काखेपाशी जायचा आणि पटकन मागे यायचा, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. तेव्हा माझा जीव टांगणीला लागायचा.

एक म्हातारे गृहस्थ जुना सदरा घेऊन आले. कॉलरचं बटण तुटलेलं, तसलं आता बाजारात मिळत नाही. मास्तर बाहेर माप घेत होती. जावेनं डबा उघडला, चिमटीत एक उचललं आणि सुई लावायला गेली. सुई आत जाईना. तिनं ते उजेडात धरलं.

"ताई, ह्या बटणाला भोकंच नाहीत!" ती हसत ओरडली.

मग तिनं डबा टेबलावर उपडा केला. बटणं टकटक करत घरंगळली. बाकीच्यांचा ढीग गुपचूप तिथेच बसून राहिला. मास्तर दारात उभी होती. जावेची बडबड त्या दिवशी पहिल्यांदा बंद पडलेली मी पाहिली.

"एवढ्या?" जाऊ शेवटी म्हणाली. "ताई, मी रोज पाणी देत होते हो तुम्हाला."

"बोटं गेली तर मी कोण उरते गं? कोण म्हणणार मला मास्तर?"

"आणि तुम्हीच गेलात तर?" जाऊ हुंदका देत म्हणाली. "मग कुणाला म्हणू?"

जावेनं दोन्ही हातांनी त्या गोळ्या गोळा केल्या, पदरात बांधल्या आणि मास्तरला धरून थेट दवाखाना गाठला.

परत आल्यावर जे कानावर आलं ते सांगते. डॉक्टरीणबाई रागावल्या, पण बोटांवरून नव्हे, लपवण्यावरून. हा त्रास कितीतरी जणींना होतो, म्हणाल्या. गोळी बदलता येते, मध्ये थोडी विश्रांतीही देता येते, पण ती आम्ही ठरवून. बोटांचे व्यायाम आहेत, चालणं आहे, घामावर उपाय आहेत. "सहन केल्याबद्दल इथे कुणी बक्षीस देत नाही. मला आधी सांगायचं होतं ना," असं म्हणाल्या. मग त्यांनी तपासलं. बोलता बोलता त्यांचा हात काखेपाशी थांबला. त्यांनी तीच जागा पुन्हा चाचपली. एक तपासणी लिहून दिली.

ती झाली आहे. तिचा निकाल आज फोनवर यायचा आहे.

मास्तरांचा फोन टेबलावर, माझ्या शेजारीच पडला आहे. जेवण झालं. जावेनं पेला दिला, मास्तरनं नवी गोळी घेतली आणि लहान मुलासारखी जीभ बाहेर काढून दाखवली. दोघी हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही. मग मास्तरनं मला उचललं आणि जावेपुढे धरलं.

"धर."

"मी? अहो ताई, नियम आहे ना!"

"माझाच आहे. धर म्हणते ना."

जावेचा हात घामानं ओला होता. मी पहिल्याच घासाला कापड चावलं. तिनं घाबरून मास्तरकडे पाहिलं. मास्तरनं आपला हात तिच्या हातावर ठेवला. नव्या गोळीनं तो पुन्हा थोडा जड व्हायला लागला आहे. ती म्हणाली, "चावू दे तिला. तिची खोडच आहे. तू सोडू नकोस."

तेवढ्यात फोन वाजायला लागला. आम्ही तिघीही जागच्या जागी थांबलो.

तो उचलायच्या आत माझं एक ऐकून ठेवा. मला कुणाच्याही हातात द्या, मी चालेन, नव्यानं झिजेन. गंजायला खणात टाकलंत तरी कुरकुर करणार नाही. फक्त त्या डब्यात बटणंच राहू द्या.