कुलपावरचं गाणं

पौर्णिमाला घरी गाणं ठेवून जायचं होतं, मोबाईल ठेवून जायचा नव्हता. पण गाणं मोबाईलमध्येच होतं, आणि सगळी पंचाईत तिथेच होती.

रविवारची दुपार. शेलूबाजारातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत ती भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर दीपू, म्हणजे धम्मदीपा, नुकतीच रांगायला लागलेली तिची पोरगी, अर्धवट झोपेत तिच्या गाऊनचं बटण चघळत होती. एका हाताने तिला थोपटायचं आणि दुसऱ्या हाताने जुन्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये शिरायचं, असं तिचं केव्हापासून चाललं होतं. सासू, भागिरथाबाई, समोर सुपात लसूण सोलत बसली होती. ती बोलत नव्हती, पण बघत होती, आणि तिचं बघणंही पौर्णिमाला ऐकू येत होतं.

उद्यापासून पौर्णिमाला वाशीमला जायचं होतं. तिथल्या एका खाजगी ज्युनिअर कॉलेजात ती केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट होती. दीपूच्या वेळी घेतलेली रजा वाढवत वाढवत तिने इतकी ताणली होती, की शेवटी तिथल्या सरांनी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, "मॅडम, सोमवारपासून रोज येणं जमत असेल तरच या. नाहीतर आम्ही दुसरं कुणी पाहतो, राग मानू नका." नवरा विनोद चाकणला कंपनीत. महिन्यातून एकदा यायचा, तोही झोप पुरी करायला. सासरे ग्यानबा सकाळीच वांग्याच्या वाडीत जायचे, ते दिवे लागताना परत. म्हणजे दिवसभर दीपू आणि भागिरथाबाई, दोघीच.

दीपू खायची नीट, खेळायची नीट. झोपायची मात्र फक्त आईच्या गुणगुणण्यावर. त्यात शब्द नव्हते, चालही धड नव्हती. पौर्णिमालाच ते दोनदा सारखं गाता आलं नसतं. म्हणून एके दिवशी तिने न्हाणीचं दार लावून, पालथ्या बादलीवर बसून ते रेकॉर्ड करून ठेवलं. मधेच शेजारच्या विमलबाईंच्या कुकरची शिट्टी आली होती, तीही त्यात तशीच राहिली. दीपूला शिट्टीसकट आवडलं.

"देऊन टाक ना मले त्या कुलपाचा नंबर," भागिरथाबाई शेवटी म्हणालीच. "उघडीन, गानं लावीन, ठेवून देईन. इतका कुटाना कायले करून राह्यली?"

"नंबर नाही आई, रेघांचा नक्षा आहे तो. अवघड आहे."

"मी साऱ्या गावाच्या लग्नात रांगोया घातल्या व. रेघा मले अवघड?"

खरं कारण दोघींनाही ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात ती बाजारातून आली, तेव्हा दीपू भागिरथाबाईच्या मांडीवर बसून मोबाईल बघत होती. पडद्यावर कुणीतरी नाचत होतं. पोरीचं तोंड उघडं, डोळे थिजलेले, आणि भागिरथाबाई त्या उघड्या तोंडात वरणभाताचे घास सोडत होती. त्याच संध्याकाळी तिने मोबाईलचा नक्षा बदलला.

"तुमच्या हातून चुकून काही डिलीट झालं तर," ती आता म्हणाली.

"तसं म्हन ना सरळ. मी पोट्टीले पिच्चर दाखवीन म्हनून भेव वाटते तुले." भागिरथाबाईने लसणाची पाकळी सुपात टाकली. "घरच्या मानसाले कुलूप लावून जाय तू. चोर आलाच तं मी त्याले सांगतो, बाबू, किल्ली वाशीमले गेली."

यावर हसावं की रडावं, ते पौर्णिमाला कळेना. तिने दोन्ही केलं नाही. ती पुन्हा सेटिंगमध्ये शिरली.

आधी रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर होतं. पडदा विझला की ते कधी चालायचं, कधी गप्प बसायचं. म्हणून तिने ते गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये नेलं आणि तेच तेच परत वाजत राहील असं केलं. तरी लॉक केलेल्या पडद्यावर नुसतं घड्याळ दिसायचं, गाण्याची बटणं काही येईनात. मग सूचना, मग लॉक स्क्रीन, मग 'सर्व मजकूर दाखवा'. मग त्या अ‍ॅपला वेगळी परवानगी. एवढं करून बटणं आली, तर थोड्या वेळाने गाणंच मेलं. बॅटरी वाचवायच्या नादात मोबाईलने अ‍ॅप झोपवून टाकलं होतं. त्याला सगळं झोपवता येतं, पौर्णिमाच्या मनात आलं, एक माझी पोरगी सोडून. बॅटरीच्या पानावर जाऊन तिने ते बंधनही काढलं.

शेवटी जमलं. मोबाईल कुलूपबंद, आणि कुलपावर एक छोटी पट्टी. पट्टीत त्रिकोण. दाबला की गाणं.

"पाहा आई. बाजूचं बटण दाबून उजेड आणायचा. मग हा त्रिकोण दाबायचा. थांबवायचं असेल तर त्याच जागी दोन रेघा येतात, त्या दाबायच्या. बाकी कशाला हात लावायचा नाही. लागणारही नाही."

"हा समोसा?"

"हो. समोसा."

भागिरथाबाईने पदराला बोट पुसलं आणि समोसा दाबला. पौर्णिमाचा आवाज खोलीभर गुणगुणू लागला. दीपूने तोंडातलं बटण सोडलं. तिची मान हळूहळू कलली. दोघी श्वास धरून बघत राहिल्या, आणि कुकरची शिट्टी येऊन गेली तरी पोरगी हलली नाही.

"झोपली," भागिरथाबाई पुटपुटली. "पन तुया आवाज असा काहून येते व? वलनीवर वायत घातल्यावानी. लई थकलेला."

थकलेलाच होता. पौर्णिमाला भिंतीला टेकल्या टेकल्या डुलकी लागली होती.

सोमवारी सकाळी ती चौफुलीवरून जीपमध्ये बसली. दीपूकडे न बघता निघायचं असं ठरवलं होतं, आणि बघूनच निघाली. जीप गच्च भरली, सुटली. गाव मागे पडलं तसा तिचा हात आपोआप पर्समधल्या नव्या फोनवर गेला.

"झोपली का?"

"झोपली व. आत्ताच डोये लागले."

पौर्णिमाने सीटला डोकं टेकलं. जमलं म्हणायचं.

कॉलेजात गेल्यावर कपाटाची किल्ली हातात आली. रजेच्या काळात परीक्षानळ्यांना कुणी पाणीसुद्धा लावलं नव्हतं. त्यांच्या तळाशी निळं-हिरवं काहीतरी वाळून बसलं होतं. ब्रश घेऊन ती घासायला लागली. पहिली बॅच झाल्यावर तिने पुन्हा फोन लावला.

या वेळी मागून रडणं ऐकू आलं.

"उठली," भागिरथाबाई म्हणाली. "लावतो परत. ठेव तू."

मुलं प्रॅक्टिकलला आली. अ‍ॅसिड कुणाच्या हातावर सांडू नये म्हणून बघायचं, आणि मनात सारखं घर. न्हाणीतली भरलेली बादली. खाली ठेवलेला गॅस. ओसरीची पायरी. मुलं गेल्याबरोबर तिने फोन केला. रडणं वाढलं होतं आणि भागिरथाबाईचा आवाज चिरका झाला होता. "हो, हो, झोपली होती! आता नाई! ठेव!" त्यानंतर केला, तर कुणी उचललाच नाही. पुन्हा केला. पुन्हा नाही.

शेजारच्या टेबलावरची नीलिमा, फिजिक्सची असिस्टंट, डबा उघडत म्हणाली, "अगं, जेव तरी. सासू आहे ना घरी? सासू म्हणजे काय बिबट्या आहे का?"

"फोन नाही उचलत."

"हात अडकला असेल. माझी सासू तर माझा फोन उचलतच नाही, मला बरं वाटतं."

पौर्णिमाने आपला डबा उघडलाच नाही. तिने सरांकडे जाऊन अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. सरांनी चष्म्यावरून बघितलं. "पहिल्याच दिवशी?" एवढंच म्हणाले. सही केली, पण पेन टोपण न लावता ठेवून दिलं, अशाच आणखी सह्या कराव्या लागणार आहेत असं धरून.

घरी पोचली तेव्हा दीपू रडून रडून लाल झाली होती, हुंदक्यांमध्ये तिचं सारं अंग उडत होतं. भागिरथाबाईचा अंबाडा सुटला होता. तिचं ताट दाराशी झाकून ठेवलेलं होतं, न जेवलेलं. दीपूला छातीशी घेताना पौर्णिमाच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हाच, "काय दाबलं होतं तुम्ही?"

"समोसा दाबला! दुसरं काय दाबीन? दुसरं काही लागते का त्याले?"

"मग गाणं लागलं नाही?"

"लागलं ना. चांगलं लागलं." भागिरथाबाई खाली बसली. चिडायलाही तिच्यात जोर उरला नव्हता. "आईक आता. गानं लागते, पोट्टी झोपते. पोट्टी झोपली की तुया फोन येते. फोन आला की गानं थांबते, अन् ठनाना घंटी वाजते. तू पुसतं, झोपली का? मी सांगतो, झोपली. तवर ते उठून बसते. मंग मी समोसा दाबतो. मंग ते कशीबशी डोये लावते. मंग तुया फोन येते."

पौर्णिमा दीपूला थोपटत होती. तिचा हात थांबला.

"शेवटी मी उचललाच नाई. पन तुले कुठी दम हाय? घंटी वाजतच राह्यली. पोट्टी तुया गान्यानं झोपते, अन् तुयाच फोननं उठते. मी मधात बसून काय करू, सांग."

खोलीत नुसते दीपूचे हुंदके ऐकू येत होते, तेही कमी होत चाललेले. पौर्णिमाने एवढी सेटिंग बदलली होती, एक एक पान उलगडून पाहिलं होतं, आणि या सगळ्यात आपला स्वतःचा फोन येईल हे तिला सुचलंच नव्हतं. सासूच्या बोटावर पहारा ठेवला होता तिने. स्वतःच्या बोटावर नाही.

"जेवून घ्या आई," ती म्हणाली.

संध्याकाळभर ती उपाय शोधत राहिली. घंटी बंद केली, तरी फोन आला की गाणं थांबतंच. सासऱ्यांचा बटणांचा फोन घरी ठेवावा, तर वाडीत पाय घसरून पडले तर? दुसरा फोन घ्यायचा, तर विनोदला आताच विचारवत नव्हतं. एक उपाय होता. तो तिला अगदी सुरुवातीलाच दिसला होता, आणि ती त्याच्या आजूबाजूनेच फिरत होती.

मंगळवारी सकाळी, डबा पर्समध्ये टाकून झाल्यावर, तिने जुना मोबाईल हातात घेतला. वरची पट्टी खाली ओढली आणि बोट एका चित्रावर धरलं.

भागिरथाबाईने दीपूला कडेवर घेतलं होतं. ती वाकून बघायला लागली. "हे कायचं व? इमान?"

"हो. हे लावलं की फोनच येत नाही. नुसतं गाणं चालू राहतं."

"कोनाचाच नाई?"

"कुणाचाच नाही."

"तुयाही नाई?"

"माझाही नाही."

दीपू भागिरथाबाईचा कान ओढत होती. "मंग तुले दिवसभर कसं समजन?"

रात्रभर पौर्णिमा हेच शोधत होती.

"मी सांगतो," भागिरथाबाई म्हणाली. "तुया नंबर भितीवर लिवून ठेव, मोठा. काही झालं, तं इमलबाईच्या फोनवरून मी लावीन. तू नको लावू. फोन नाई आला, तं समजायचं पोट्टी झोपली हाय, नाईतं खेळून राह्यली हाय. अन् पिच्चर दाखवीन म्हनशीन, तं तेही नाई दाखवत. कालपासून मलेच त्या डबड्याचा वीट आला."

पौर्णिमाने दीपूसाठी आणलेल्या, अजून कुणीच न वापरलेल्या वहीसोबत आलेल्या खडूने दारामागच्या भिंतीवर आपला नंबर लिहिला. मग चित्रावर बोट टेकवलं. कोपऱ्यात इवलंसं विमान उमटलं आणि नेटवर्कच्या काड्या गेल्या.

"चला," भागिरथाबाई म्हणाली, "आता समदं इमानावर हाय."

तिला विमान म्हणायचं होतं की विश्वासाचं इमान, ते पौर्णिमाने विचारलं नाही. सासूच्या तोंडावरून तर काहीच कळण्यासारखं नव्हतं. ती पोरीचं नाक पुसत होती.

जीपमध्ये पौर्णिमाने पर्स मांडीवर घट्ट धरून ठेवली. लॅबमध्ये उरलेल्या नळ्या घासल्या, ब्युरेटी उलट्या लावल्या. विमलबाईंचा नंबर काही पडद्यावर आला नाही. नीलिमाने लोणच्याची फोड दिली, ती खाल्ली. सरांनी येता-जाता बघितलं आणि पुढे गेले.

दुपारी, हात धुताना, तिला राहवलं नाही. ओल्या बोटांनी तिने घरचा नंबर लावला.

पलीकडे बाईचा शांत, रेकॉर्ड केलेला आवाज आला. आपण ज्या नंबरशी संपर्क करू इच्छिता, तो सध्या कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.

पौर्णिमाने ते शेवटपर्यंत ऐकलं. म्हणजे विमान जागेवर होतं. म्हणजे तिकडे घंटी वाजली नव्हती, आणि गाणं तुटलं नव्हतं. याहून जास्त काही कळणार नव्हतं, आज नाही, उद्याही नाही.

ती बाई बोलायची थांबली. पौर्णिमाने ओढणीला हात पुसले आणि पुन्हा तोच नंबर लावला.