उंटकटारीचा रंग

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून रत्नाकरला सगळ्यात आधी निळं दिसायचं. शेगडीची ज्योत, शेजारच्या छतावर वाळणारे शाळेचे स्कर्ट, दुधाच्या कॅनचं झाकण. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षं त्याने सगळं जग पिवळट काचेतून पाहिलं होतं. आता त्याला वाटे, आपण झोपेतच आहोत आणि कोणीतरी आपल्या स्वप्नाला नीळ घातली आहे.

जानेवारीत एका सकाळी तो बायकोबरोबर, लताबरोबर, गढा वस्तीमागच्या टेकडीवर फिरायला गेला. काळ्या खडकांमध्ये धुकं साचलं होतं. पुढे गेल्यावर भेगांमधून उगवलेली काटेरी झाडं दिसली. प्रत्येक शेंड्यावर लिंबाएवढा गोल चेंडू होता. धुक्यात देठ हरवले होते, नुसते चेंडू तरंगत होते.

"लता, हे काय हाय?"

"सत्यानाशी असंन. आपला पिवळा धोत्रा."

"पिवळा कसा? निळा हाय."

लता वाकली. काटे चुकवून तिने एक पान उलटं केलं आणि अंगठ्याने चाचपलं. पानाखाली कापसासारखी पांढरी लव होती. तिने पान मोडलं, पण धोत्र्यासारखा पिवळा चीक आला नाही.

"उंटकटारी हाय जी ही," ती म्हणाली. "आमच्या हिंगणघाटकडं बरडावर राहे. जिथं गवत धड येत नाही, मुरूम आन् गोटे असते, तिथं ही खुशाल वाढते. पाणी साचलं की मरते." मग ती हसली. "पण निळी कुठं? भुरकट पांढरी तर हाय. तुमचे नवे डोळे जरा जास्तच पाहून राहिले."

रत्नाकरने एक फूल रुमालात गुंडाळून घरी आणलं. मुलगी प्रणोती ऑफिसला जायच्या घाईत होती.

"कोणता रंग हाय हा?"

"नीला, बाबा. हल्का नीला. काहून?"

ते फूल लताने खिडकीशी नेलं, उन्हात धरलं, फिरवून फिरवून पाहिलं. मग स्वयंपाकघरात निघून गेली.

संध्याकाळी प्रणोती परतली तेव्हा लता कपाटाशी बसली होती. मांडीवर एक साडी होती.

"हे माझं निळं लुगडं विटलं म्हणून मी खाली टाकून देल्लं होतं. खरंच विटलं का?"

प्रणोतीने साडी उलगडली. "नाही आई. जशीच्या तशी हाय."

लता त्या साडीवरून हात फिरवत राहिली. रत्नाकर तिच्याजवळ येऊन बसला.

"मले तर काहीच दुखलं नाही," तो म्हणाला. "डॉक्टर गाणं गुणगुणत होते. मी ऐकत ऐकत पडून राहिलो."

"मले भेव लागते."

"मलेही लागत होतं. मी सांगितलं नाही."

फेब्रुवारीत लताचं ऑपरेशन झालं. बाहेर फिरायची परवानगी मिळाली तेव्हा मार्च लागला होता. पहिल्याच सकाळी तिने टेकडीचं नाव काढलं.

वर पोचले तर सगळे चेंडू वाळून तपकिरी झाले होते. हात लावला की चुरा होत होता. रत्नाकरचं तोंड उतरलं. "उशीर झाला," तो म्हणाला.

लता झाडांकडे पाहत नव्हती. ती जमीन पाहत होती. "इथं सकाळपासून ऊन हाय, म्हणून लवकर सुकली. त्या अंगाला खडक असाच हाय, पण ऊन उशिरा येते. चला."

दोघं एकमेकांना धरत टेकडीला वळसा घालून गेले. तिकडे गारवा होता. एका भेगेत एकच झाड उभं होतं आणि त्याच्यावर एकच फूल, अजून ताजं.

लता धुळीतच बसली. चेंडू म्हणजे शेकडो बारीक फुलं होती, चांदण्यांसारखी, आणि प्रत्येक चांदणी निळी होती. ती बराच वेळ पाहत राहिली.

"गावची पण अशीच होती," ती हळूच म्हणाली. "मले निळीच आठवे. मी म्हणे, लहानपणचं सगळंच तसं वाटते."

रत्नाकर तिच्या शेजारी टेकला. खडकाच्या माथ्यावर ऊन आलं होतं आणि हळूहळू खाली सरकत होतं. दोघांनाही उठायची घाई नव्हती.