गार घरातला कूलर

शी! तोंड उघडायचीही लाज वाटते, इतका माझाच वास मला येतोय. मी कूलर बोलतोय. अंग पत्र्याचं, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या आणि पोटात पाण्याची टाकी. त्या पोटाबद्दल काही विचारूच नका.

पत्राकामाच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. हातोडा पडला की मी दचकायचो. अजूनही कोणी बटण दाबलं की छातीत धस्स होतं. पण तेव्हा मी स्वच्छ होतो हो! अण्णांनी मला घरी आणलं, पहिला झोत अंगावर घेतला आणि म्हणाले, "वा! स्वर्ग!"

स्वर्ग धुवायचा कोणी, हे मात्र ठरलंच नाही. अण्णांना वाटायचं, मुलगा धुतो. मुलाला वाटायचं, आई धुते. आई म्हणायची, "मला काय तेवढंच काम आहे?" मग जुन्या पाण्यावर नवं पाणी ओतायचं, झालं! तळाशी हिरवा गाळ साचला. हात लावाल तर बुळबुळीत. वास सुटला तेव्हा मुलाने टाकीत अत्तर ओतलं. नाल्यात गुलाब! आणि अण्णा? ते त्याच पाण्यात कलिंगड गार करायला ठेवायचे आणि मिटक्या मारत खायचे.

त्यात खोली गच्च बंद. मी हवा सोडतो, तिला बाहेर जायला वाट नको? पण खिडकी किलकिली केली तरी अण्णा ओरडायचे, "गारवा पळेल!" उशा दमट, मीठ पाझरलेलं, भिंतीला बुरशी. सगळ्यांची अंगं चिकचिकायची, तरी "आज फारच उकडतंय" म्हणत मलाच जोरात फिरवायचे.

या उन्हाळ्यात ताई, म्हणजे अण्णांची लेक, तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली. त्याच खोलीत बाळ खोकायला लागलं. घामोळ्यांनी पाठ लाल झाली. मग ताप. ताई घाबरीघुबरी.

"आई, पट्ट्या ठेवूया का गं?"

आईने फडकं माझ्या टाकीत बुडवलं. "नळाचं कोमट येतंय. हे बघ कसं गार!"

ओरडावंसं वाटलं, पण मला आवाज आहे तो फक्त घरघरीचा. बाळाच्या कपाळावर फडकं ठेवलं आणि ताई किंचाळली. फडक्यावर अळ्या वळवळत होत्या.

"अगं, डासांच्याच आहेत," आई म्हणाली. "केवढ्याशा तर आहेत!"

अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा मेला जुना झालाय. उद्याच नवा आणतो."

"आणि तो कोण धुणार, अण्णा?" ताईने विचारलं.

अण्णांनी मुलाकडे बघितलं, मुलाने आईकडे, आईने अण्णांकडे.

ताईने बाळाचं कपाळ साबणाने धुतलं, त्याला उराशी धरलं, पिशवी भरली. "आधी डॉक्टरकडे, तिथून सासरी."

"तिकडे वर पत्रा आहे गं! भट्टी नुसती!" आई म्हणाली.

"असू दे. खिडक्या तरी उघडतात."

दार आपटलं. मी दचकलो. क्षणभर बाहेरची कोरडी, गरम, चांगली हवा आत आली. अण्णांनी धावत जाऊन दार लावलं, खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि म्हणाले, "एवढं गार घर सोडून गेली!"

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर कृपा करून उठा, त्याच्या पोटात हात घाला. किळस आली तर समजा, तुम्ही अजून अण्णा झालेला नाहीत.