बाबांची चिमूट

"'वापरण्यापूर्वी बाटली हलवा' असं लिहिता, म्हणजे तुमचं उरलेलं काम गिऱ्हाइकाने करायचं का?"

वर्गात हशा पिकला. शाळेत व्याख्यान द्यायला आलेल्या लोशनच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना हे विचारायची पिपाणीची छाती होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. हरली असती तर आठवडाभर सगळ्यांची दप्तरं फाटकापर्यंत वाहावी लागली असती. गेल्या वर्षापर्यंत हिचा आवाज पहिल्या बाकाच्या पलीकडे जात नसे. यंदा घशातलं बूच उडालं काय, आणि पिपाणी हे नाव पडलं काय!

पण खाली बसताना तिचे कान तापले. ती ओळ छापलेल्या बाटल्या तिच्याच घरी भरल्या जात. आईबाबा घरामागच्या खोलीत हाताला लावायचं लोशन बनवत आणि ते दोन दिवसांत फुटे. वर तेल, खाली पाणी, जणू एकमेकांचं तोंड बघायचं नाही.

बाई हसल्या. प्रश्न रास्त आहे, म्हणाल्या. तेलाचे थेंब पाण्यात भटकतात, भेटले की एक होतात आणि फुगून वर चढतात. त्यांना वेगळं ठेवायला पॉलिमर घालायचा, म्हणजे डिंकासारखा लांबलचक रेणू. तो थेंबाभोवती अंगरख्यासारखा बसतो.

डिंक तर आमचे बाबाही घालतात, चिमूटभर, असं पिपाणीने सांगून टाकलं.

बाईंनी भुवई उचलली. "मग न घातलेला बरा. अंगरखे पुरले नाहीत की एकाच अंगरख्यात दोन थेंब शिरतात. दूर ठेवायचे, ते गळ्यात गळे घालून वर जातात."

हे पिपाणीच्या डोक्यात चिकटून बसलं, कारण बाबांची चिमूट तिच्या चांगलीच ओळखीची होती. तिला पुढे विज्ञान शिकायचं होतं. आईचं म्हणणं, धंद्याला विज्ञान काय कामाचं, वाणिज्य घे. बाबांनी तोडगा काढला होता: वाणिज्यच घे, विज्ञान रविवारी, चवीपुरतं. सोमवारी शाळेत विषय सांगायचे होते आणि घरात कटकट नको म्हणून ती हो म्हणायच्या बेतात होती.

घरी येताच तिने डिंकाचा डबा मागितला. एवढा कशाला, डिंक काय झाडाला लागतो का, असं बाबा सवयीने बोलून गेले. झाडालाच लागतो, आई म्हणाली, आणि डबा लेकीच्या हातात गेला.

पहिल्या झटक्यात तिने बाईंकडून विचारून घेतलेल्या मापाने डिंकाची पूड पाण्यात भसकन ओतली. गोळेच गोळे. बेडकाची अंडी घातलीस, आईने शेरा मारला. दुसऱ्या वेळी तिने पूड आधी तेलात कालवली, कारण तेलात ती फुगत नाही. मग पाण्यात बारीक धार सोडून हात भरून येईपर्यंत घोटलं. खिडकीत तीन बाटल्या उभ्या राहिल्या: एक बिनडिंकाची, एक बाबांच्या चिमटीची, एक मापाची.

बाबा येता-जाता आपल्या बाटलीकडे असे बघत, जणू पोर परीक्षेला बसलंय.

रविवारी संध्याकाळी त्यांचंच पोर सगळ्यात आधी नापास झालं. वर तेलाचा बोटभर थर, खाली पाणी. बिनडिंकाची अजून धुसफुसत तग धरून होती. मापाची मात्र पांढरीशुभ्र, एकजीव. आईने ती उलटी धरली, सुलटी धरली, एक थेंब हातावर चोळून पाहिला.

"उन्हाने झालं असेल," बाबा म्हणाले.

"तिन्ही एकाच खिडकीत होत्या," आई म्हणाली, आणि लोशन मुरेपर्यंत तो हात चोळत राहिली.

पिपाणीने घसा खाकरला. इतक्या हळू ती वर्षभरात बोलली नव्हती.

"यापुढे डिंक मी मोजून घालणार. बाटलीवरची ती ओळ काढून टाकायची. आणि उद्या शाळेत मी विज्ञान सांगणार आहे. पूर्ण मापाचं. चिमूटभर घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं, हे बाबांच्या बाटलीनेच सांगितलंय."