चरब्यातला नवरा

संगमावर इंग्रजांच्या वकिलीत एक चित्रकार साहेब उतरला होता. कसब्यातल्या आम्हा चिताऱ्यांना आपली कला शिकवावी, असं त्याच्या मनात आलं. आम्हाला! माझ्या तीन पिढ्या पुण्याच्या भिंतींवर देव रंगवत आल्या. तरी गेलो. फुकटची करमणूक कोण सोडतो?

साहेबाने दुभाष्याला मध्ये बसवून एक वही उघडली. रोम नावाच्या गावी शिकताना त्याने ती भरली होती. पहिल्या पानांवर जुन्या पाषाणमूर्तींची चित्रं. अंगावर धड वस्त्र नाही, पण दंडाची शीर न शीर कोरलेली. एका म्हाताऱ्याच्या गालावरची चामखीळसुद्धा सोडली नव्हती.

पुढच्या पानांवर त्यानंतरच्या हजार वर्षांत काढलेले संत. सोनेरी जमिनीवर सपाट बसवलेले, सगळ्यांचं नाक एक, डोळे एक. ओळख हातातल्या वस्तूवरून पटवायची. किल्ली धरली की अमुक, चाक धरलं की तमुक. मी खूश झालो. म्हटलं, अखेर शहाणे झाले हे लोक. आमच्याकडे तरी दुसरं काय असतं? वडिलांनी दिलेला एक टोचलेला कागद, त्याला आम्ही चरबा म्हणतो. त्यावरून कोळशाची पूड फिरवली की खाली चेहरा उमटतो. मग पगडी आणि दागिने ज्याचे त्याचे. झाला सरदार, झाला सावकार.

पण पान उलटलं आणि ते पुन्हा बिघडले. चारशे वर्षांपूर्वी इटलीत म्हणे कुणी त्या जुन्या मूर्ती उकरून काढल्या आणि सगळ्यांना वेड लागलं. चित्रात लांबचं लांब दिसावं म्हणून दोऱ्या ताणून फरशा मोजू लागले, मढी फाडून स्नायू पाहू लागले. समोरच्या माणसाला महिना महिना न्याहाळायचं आणि त्याच्या डोळ्याखालची सूजही काढायची. साहेब याला कलेचा पुनर्जन्म म्हणाला.

"हजार वर्षं विसरले ते आठवलं, त्याचं एवढं कौतुक?" मी दुभाष्याला म्हणालो. "साहेबाला सांगा, आम्ही माणूस न पाहता माणूस काढतो."

दुभाष्याने ते सांगितलं की नाही, देव जाणे. साहेब मात्र हसला नाही.

त्याच आठवड्यात मुक्ताबाईंनी बोलावलं. सात वर्षांपूर्वी त्यांचा नवरा श्रीधरपंत बदामीच्या मोहिमेवर गेला, तो परतला नाही. निघण्याआधी चार दिवस माझ्यापुढे बसून त्याने चित्र काढून घेतलं होतं. आता एक मनुष्य दारात उभा होता आणि म्हणत होता, मीच श्रीधर, श्रीरंगपट्टणच्या कैदेतून सुटलो. सासूसासरे वारलेले, घरात त्याला ओळखणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. चुलतदीर माधवराव छातीठोक सांगत होता की हाच दादा. त्यानेच त्याला वाईहून आणलं होतं. निवाड्याला पंच ओसरीवर बसले होते.

मुक्ताबाई जेमतेम अठरा वर्षांच्या. माझंच चित्र माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "चितारबुवा, ते गेले तेव्हा मी अकरा वर्षांची. मान वर करून त्यांच्याकडे पाहायची माझी छातीच झाली नाही. या चित्राला रोज नमस्कार करते, पण यात माधवभाऊजीही बसतात आणि पंचांतले हे काकाही बसतात. त्यांना चार दिवस समोर बसवून पाहिलेले आता एकटे तुम्ही. परपुरुष घरात घेतला तर माझा जन्म गेला. नवरा हाकलला तर देवाला काय तोंड दाखवू? हेच का ते?"

मी आठवू लागलो. पगडीचा तुरा आठवला. भिकबाळीतले मोती आठवले, ते रंगवायला दीड दिवस गेला होता. पगडीखाली कोळशाची पूड होती. चार दिवसांत मी त्या पोराच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं.

'नाही सांगता येत', एवढे तीन शब्द पुरले असते. पण पंच बघत होते. चिताऱ्याने माणसाला चार दिवस बसवून ठेवलं आणि ढुंकून पाहिलं नाही, हे उद्या कसबाभर झालं असतं.

"हेच ते," मी म्हणालो. "माझा हात चुकत नाही."

मुक्ताबाईंनी डोळे पुसले, पदर सावरला आणि दारातून बाजूला झाल्या. तो मनुष्य आत निघाला. उंबऱ्यापाशी थांबून त्याने मला नमस्कार केला, अगदी कमरेत वाकून. घरधन्याने आपल्याच घरात शिरताना चिताऱ्यापुढे एवढं का वाकावं, ते मला तत्काळ कळलं. तोंड उघडायला अजून वेळ होता. मी पागोटं सारखं केलं आणि घरी निघालो.