पडवीतलं उखळ

घटकाभर असं समजा, की तुमच्या घराच्या पडवीत जमिनीत एक उखळ पुरलेलं आहे. तोंड तेवढं वर, बाकी सगळा दगड खाली. चालताना तुमचा पाय आपोआप त्याला वळसा घालतो. आता सांगा, ते उखळ म्हणजे वस्तू, की जमीन?

आटगावजवळच्या हर्षालीच्या घरात हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नव्हता. तिच्या ललिताआत्याचं लग्न ठरलं होतं. या घरातल्या प्रत्येक लेकीची हळद त्याच उखळात कांडलेली. पाच सवाष्णींनी मुसळ धरायचं. कुमारिकेनं हातही लावायचा नाही. हर्षालीकडे काम होतं ते सुपातली हळकुंडं उन्हात ठेवायची आणि कोंबड्या हाकायच्या.

लग्नाआधी पडवीला लाद्या बसवायच्या, म्हणून तिचे बाबा, पंढरी, यांनी शहापूरचा ठेकेदार बोलावला. जगदीश त्याचं नाव. त्यानं टाचेनं जुना कोबा ठोकून पाहिला.

"कडक हाय, भाऊ. पन मला डबर पायजेच. मुरबाडकडं एका फार्महाऊसच्या रस्त्याला भराव टाकायचाय. जे निघंल ते माझं, तोडायचं काम फुकट. बोला."

"ने की! त्या डबराची मी काय भाजी करू?" पंढरी म्हणाले. शेजारी हसले, सगळ्यांचा चहा झाला आणि व्यवहार ठरला.

दुसऱ्या दिवशी हर्षाली शाळेतून आली तेव्हा ब्रेकर थांबला होता. कोब्याचे तुकडे टेम्पोत पडले होते. पडवीच्या मधोमध एक गोल खड्डा होता आणि उखळ टेम्पोत एका कडेला, बुडाची ओली माती तशीच घेऊन उभं होतं. एवढं मोठं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"बाबा, आपलं उखळ!"

पंढरी तिच्या आधीच तिथं उभे होते. "जगदीश, ते उतरव. ते घरचं हाय."

"डबर पन घरचंच होतं ना, भाऊ? फार्महाऊसच्या मालकाला फोटो धाडला. त्याला लय आवडलंय. झाड लावनार त्यात."

"अरे, आठवड्यावर हळद आलीय!"

"मग आहेरात मिक्सर देतो. काय गो ताई, चालंल ना?"

मजूर खदखदून हसले. ललिता दारात आली होती. तिनं जगदीशकडे बघितलंसुद्धा नाही.

"दादा, जे निघंल ते त्याचं, असं बोललास तू?"

"मला काय म्हाईत, ह्ये पन निघंल म्हनून?" पंढरी म्हणाले. "चार मानसांत बोललो, आता मागं कसा घेऊ?"

"नको घेऊ. माझ्याआधी उखळाची पाठवणी केलीस, बरं केलंस."

ती आत गेली आणि दार लोटलं. पंढरी खड्ड्याकडे बघत राहिले. हर्षाली त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आता काहीतरी बोलतील, आता बोलतील. जगदीशनं ड्रायव्हरला खूण केली आणि इंजिन घरघरलं.

तेव्हा हर्षालीनं अंगणातलं सूप उचललं, भिंतीला टेकवलेलं मुसळ ओढत नेलं आणि ती टेम्पोवर चढली. आठवड्यानंतरच्या हळदीची हळकुंडं तिनं उखळात ओतली आणि कुणी "नाय गो, तू नाय!" म्हणून ओरडायच्या आत दोन्ही हातांनी मुसळ उचलून कांडायला लागली.